वडिलांची बुलेट : जीर्णोद्धार आणि सुधारणा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनाच्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, आरोग्य, काटकसर, विवाहखर्च आणि पूर्वजांचा इतिहास अशा विषयांवर पुष्कळ व्याख्याने झाली. त्याच जागी उभे राहून एका जुन्या मोटारसायकलीविषयी बोलावे, हे काही वडीलधाऱ्या मंडळींस रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्हीही प्रथम संकोचलो. परंतु विचार करता असे वाटले की, आपल्या बहुतेक घरांत वडिलार्जित अशी एखादी वस्तू असतेच. कोठे शिवणयंत्र असते, कोठे भिंतीवरचे घड्याळ, कोठे तंबोरा, तर कोठे जुनी गाडी. ती टाकवत नाही आणि वापरवतही नाही. तिच्यात काय राखावे आणि काय बदलावे, हा प्रश्न आमच्या घरी एका मोटारसायकलीच्या रूपाने उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना आमच्या हातून एक मोठी चूक घडली, आणि तिचे मोल दुसऱ्याच कोणाला द्यावे लागले. ती चूक आपल्यापैकी कोणी पुन्हा करू नये, एवढ्यासाठीच हा प्रपंच आहे.

प्रथम गाडीची ओळख करून देतो. ही 350 सी.सी.ची बुलेट, 1974 साली मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथील कारखान्यात तयार झालेली. दूरच्या प्रवासासाठी, ऐसपैस बसून, सावकाश चालवावयाच्या गाडीस आजची तरुण मंडळी 'क्रूझर' म्हणतात. बुलेट घडली तेव्हा तिला कोणी हे नाव दिले नव्हते. पण ती काम तेच करीत आली आहे.

हिचे मूळ इंग्लंडातील रेडिच या गावी. रॉयल एन्फील्ड कंपनीची पहिली मोटारसायकल तेथे 1901 साली तयार झाली. मागच्या चाकाला झुलता दांडा आणि शॉकॲब्सॉर्बर असलेली जी बुलेट आपण ओळखतो, ती 1949 सालापासूनची. त्याच सुमारास ती हिंदुस्थानातही विकली जाऊ लागली. पुढे सरहद्दीवरील गस्तीसाठी लष्कराला व पोलिसांना दणकट मोटारसायकल हवी होती. त्यासाठी सरकारने 1955 च्या सुमारास 800 बुलेट मागविल्या. याच वर्षी मद्रास मोटर्स आणि इंग्लिश कंपनी यांच्या भागीदारीतून एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. आरंभी सुटे भाग आणून येथे जोडले जात. 1957 मध्ये भाग तयार करण्याची यंत्रसामग्रीही इकडे आली, आणि 1962 पर्यंत सारे भाग येथेच बनू लागले. नवल असे की, मूळ रेडिचचा कारखाना 1967 साली बंद पडला आणि 1970 पर्यंत इंग्लंडातील उत्पादनच संपले. पण मद्रासची शाखा जिवंत राहिली. एवढेच नव्हे, तर 1977 सालापासून येथील बुलेट इंग्लंडात निर्यात होऊ लागली. माहेर उठून गेले तरी लेकीने सासरी नाव राखले, असेच म्हणावयाचे!

या गाडीचे यंत्र अगदी साधे आहे. सिलिंडर एकच, तोही बिडाचा. त्याचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. धाव व्यासाहून पुष्कळ अधिक आणि आतील फ्लायव्हील जड, म्हणून इंजिन सावकाश फिरत असतानाही त्याला ओढ असते आणि थांबत थांबत पडणाऱ्या ठोक्यांचा तो सुपरिचित आवाज उमटतो. गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. मागचा ब्रेक डाव्या पायाला. आजच्या गाड्यांची रीत याच्या नेमकी उलट आहे. दिव्याच्या घरावर ॲमीटर बसविलेला असतो, आणि गाडी सुरू करण्याची गुरुकिल्ली तोच होय. किक हळू दाबीत ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत पिस्टन वर आणावा, डीकॉम्प्रेशनची कळ दाबून तो शिखराच्या किंचित पलीकडे न्यावा, कळ सोडावी, किक पुन्हा वर येऊ द्यावी आणि मग एकच पूर्ण किक मारावी. एवढे केले तर लहान चणीचा मनुष्यही ती सुरू करू शकतो. न केले तर किक उलटी बसते आणि घोटा चार दिवस स्मरण देतो.

आमचे तीर्थरूप बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. कोल्हापुराहून गगनबावडा, राधानगरी, आंबा या बाजूंच्या रस्त्यांची कामे पाहण्यासाठी त्यांनी ही गाडी घेतली. पुढच्या टाकीवर आमचे धाकटे बंधू, मागे मातोश्री, आणि त्या दोघांच्या मध्ये वडिलांच्या पाठीला चिकटलेले आम्ही, अशी आमची स्वारी लग्नकार्यास निघे. आज तसे बसणे गुन्हा आहे, आणि तो असावाही. पण त्या काळी कोणास त्याचे वावगे वाटत नसे. वडिलांनी ती पस्तीस वर्षे चालविली. 2009 साली ते निवर्तले आणि गाडी पडवीत उभी राहिली. आरंभी तिच्यावर कापड होते. नंतर पापडाचे तक्ते, मग रद्दी, मग मांजरीची पिले.

अशी आठ वर्षे गेली. 2017 साली घराच्या दुरुस्तीसाठी पडवी मोकळी करण्याची वेळ आली. धाकट्या बंधूंचे म्हणणे, भंगारवाला बरी किंमत देतो आहे, देऊन टाकावी. आमचे म्हणणे, ती नीट करावी. बंधूंचा पक्ष अडाणीपणाचा होता असे कोणी समजू नये. त्यांना गाडीचा राग नव्हता, जुन्या गाडीचे वेड लागलेल्या माणसांचे भय होते. शेवटी मातोश्री म्हणाल्या, "तुम्हां दोघांचं एकमत होईपर्यंत पडवीतच राहू दे. मला तिची अडचण नाही." त्यावर बंधू विरघळले. वारसांच्या नावे गाडी करून घेण्याच्या कागदांवर त्यांनी सही केली. "दादा, हौस कर. पण वेगाचा नाद करू नकोस," एवढेच ते म्हणाले. हे वाक्य आम्ही तेव्हा ऐकले, पण ऐकून घेतले नाही.

कागदांचा उल्लेख आला म्हणून येथेच सांगतो. जुनी गाडी हाती घेताना पाना नंतर उचलावा, नोंदणी-पुस्तक आधी काढावे. इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावा. मालक मृत असेल तर वारसाच्या नावे हस्तांतर नमुना 31 वर होते. कायद्याने मृत्यूची खबर तीस दिवसांत आणि अर्ज तीन महिन्यांत देणे अपेक्षित आहे. आम्ही आठ वर्षे लावली आणि त्याबद्दलचे हेलपाटे व दंड निमूटपणे सोसले. नोंदणी आरंभी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करवून तिचे नूतनीकरण करावे लागते. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी आज घरी गेल्यावर पेटी उघडून हे पुस्तक शोधावे. कागद नसतील तर अत्यंत सुंदर दुरुस्त केलेली गाडीही केवळ शोभेची वस्तू ठरते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. वडिलांच्या गाडीला ज्यांनी आयुष्यभर हात लावला ते मिस्त्री तेव्हा सत्तरीच्या घरात होते. त्यांची दृष्टी मंदावली होती, पण बोटे शाबूत होती. त्यांनी एकच अट घातली. "गाडी मी नाही उघडणार, साहेब. तुम्ही उघडायची, मी खुर्चीवर बसून सांगणार." आम्ही बँकेत आयुष्य काढलेले. हाताला शाईखेरीज दुसरा डाग ठाऊक नव्हता. पण अट मान्य केली, आणि आमचा पुतण्या, म्हणजे त्याच धाकट्या बंधूंचा मुलगा, उत्साहाने मदतीस आला. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता.

मिस्त्रींनी प्रथम पेढ्यांचे रिकामे डबे गोळा करावयास लावले. जो भाग सुटेल तो त्याच्या बोल्टांसह एका डब्यात, डब्यावर चिठ्ठी, आणि सोडण्यापूर्वी छायाचित्र, असा नियम ठरला. उघडणे एका रविवारात झाले. बांधावयास पुढे वर्ष लागले, आणि तेव्हा त्या चिठ्ठ्या नसत्या तर निम्मी गाडी डब्यांतच राहिली असती.

आत काय निघाले ते थोडक्यात सांगतो. टाकीतल्या पेट्रोलचा वार्निशासारखा चिकट थर झाला होता आणि त्याने कार्ब्युरेटरची बारीक भोके बुजविली होती. टाकी आतून गंजली होती. वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या आणि उरलेल्यांचे रबर हात लावताच तुटत होते. पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. मिस्त्रींनी त्यावर हातोडा मारू दिला नाही. वरून डिझेल ओतून चार दिवस तसेच ठेवले, मग लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकत तो सोडविला. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे चरे पडले होते, म्हणजे बोअर करणे आले. बुलेटचे पिस्टन मूळ मापाहून दहा-दहा थाऊ मोठे असे मिळतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. येथे मिस्त्रींनी आम्हांस जो क्रम शिकविला तो महत्त्वाचा आहे : आधी पिस्टन विकत घ्यावा, तो मापावा, आणि मग त्या पिस्टनच्या मापाने सिलिंडर कापावा. आधी कापून नंतर पिस्टन शोधणाऱ्याच्या इंजिनात एक तर खडखडाट होतो किंवा पिस्टन पुन्हा धरतो. पिस्टन आणि भिंत यांतील अंतर केसाच्या जाडीएवढेच असते, तेथे अदमास चालत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे काम नेमके करणारे लेथवाले अजून आहेत, हे आमचे भाग्य.

कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा बुश झिजला होता, तो बदलला. क्लचच्या प्लेटा, प्रायमरी चेन, सारी बेअरिंगे आणि रबरी सीले नवी घातली. आपल्या देशात शिशाचे पेट्रोल 2000 साली बंद झाले. शिसे जुन्या व्हॉल्व्हच्या सीटांना एक प्रकारचे संरक्षण देत असे. ते गेले म्हणून हेड उघडलेच आहे तर एग्झॉस्टची सीट कठीण धातूची बसविली. बुलेट म्हणजे तेलाची गळती, असा लोकांत समज आहे. मिस्त्रींच्या मते गळती गाडीत नसते, बांधणाऱ्याच्या घाईत असते. सांध्यांचे पृष्ठभाग जाड काचेवर बारीक पेस्टने घासून सपाट करावे, गॅस्केट नवे घालावे आणि चिकट मसाला अगदी पातळ लावावा. तो अधिक थापला तर आत सुटून तेलाच्या वाटा बंद करतो, आणि बाहेरची गळती थांबविण्याच्या नादात आतले यंत्र कोरडे पडते.

टॅपेट लावण्याची रीत तर फारच सुंदर. इंजिन पूर्ण थंड असावे, पिस्टन दाबाच्या धावेत शिखरावर आणावा, आणि पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. त्याला कसलेही उपकरण लागत नाही. आमच्या पुतण्याच्या बोटांना ती जाण दुसऱ्या दिवशीच आली. आम्हांस महिना लागला.

2018 च्या दसऱ्याला गाडीची पूजा झाली. पहिल्या किकेला ती बोलली नाही, चौथ्या किकेला बोलली. मिस्त्रींनी लगेच रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून तेल वर चढते आहे की नाही ते पाहिले, आणि मगच हसले. मातोश्री दारात उभ्या होत्या. आवाज ऐकून त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी दोन कप चहा टाकला, आणि मग एकच बाहेर आणला.

येथवरची कथा जीर्णोद्धाराची. व्याख्यान येथेच संपते तर आम्हांस स्वतःविषयी बरे बोलता आले असते. परंतु येथून सुधारणेचे प्रकरण सुरू होते, आणि चूक तेथे आहे.

नवे पिस्टन घातल्यावर पहिले 500 किलोमीटर ताशी 40 च्या आत चालवावयाचे असतात. ते पथ्य आम्ही पाळले. ते संपताच मात्र आमच्या अंगात वारे शिरले. रस्त्यावर नव्या गाड्या सहज पुढे निघून जात, ते सहन होईना. मिस्त्रींस न विचारता आम्ही तीन गोष्टी केल्या. मूळ कार्ब्युरेटर काढून मोठा बसविला. मोकळा सायलेन्सर लावला. आणि गिअरपेटीच्या चेनचक्राला दोन दात अधिक असलेले चक्र घातले, म्हणजे इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत गाडी अधिक वेगाने जाते. गाडी पूर्वी 50 च्या वेगाने सुखाने जात असे, ती 70 ने जाऊ लागली. पुतण्या खूश झाला, आम्हीही झालो. पुढचा ब्रेक मात्र तोच 1974 सालचा राहिला.

यात कोठे चुकले ते आकड्यांनी सांगतो. वेग 50 वरून 70 वर गेला म्हणजे चाळीस टक्क्यांनी वाढला. पण धावत्या वस्तूची शक्ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून ती थांबविण्यासाठी ब्रेकला करावे लागणारे काम चाळीस टक्क्यांनी न वाढता जवळजवळ दुप्पट होते. त्याशिवाय डोळ्यांनी संकट पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर 50 च्या वेगाने गाडी तेवढ्यात 14 मीटर जाते आणि 70 च्या वेगाने 19 मीटरांहून अधिक. यात भर चेनचक्राची. उतारावर इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. दात वाढविले म्हणजे तीही धर ढिली पडते. सारांश, आम्ही एकाच दमात गाडीचे बळ वाढविले आणि तिचा लगाम सैल केला.

2019 च्या एप्रिलमध्ये एका लग्नासाठी आम्ही रत्नागिरीस निघालो. मागे पुतण्या होता. आंबा घाट उतरून साखरप्याकडे जाताना वळणे लागतात. उतारावर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबावा लागला, ड्रम तापला, आणि तापलेला ड्रम ब्रेक हळूहळू पकड सोडतो. हा त्याचा धर्मच आहे, त्यात नवीन काही नाही. एका वळणापलीकडे म्हशींचा कळप रस्त्यात होता. पुढच्या ब्रेकची कळ मुठीला टेकली तरी गाडी थांबेना. घाबरून मागचा ब्रेक पूर्ण दाबला, मागचे चाक जाम झाले आणि खडीवरून गाडी आडवी झाली. आम्हांस खरचटले. पुतण्याच्या उजव्या हाताचे हाड मोडले. डोक्यावर शिरस्त्राण होते म्हणून गोष्ट हातावर निभावली.

बंधू इस्पितळात आले. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते आमच्याशी काही बोलले नाहीत, मुलाच्या उशाशी बसून राहिले. पुढे चार महिने आमचे बोलणे कामापुरते होते. एकत्र कुटुंबातील मंडळींस याचा अर्थ सांगावयास नको. मातोश्री मात्र एकदा बोलल्या. "अरे, ते याच घाटातून पस्तीस वर्षं गेले. पाऊस असो, धुकं असो. त्यांना कधी लवकर पोचायचं नसायचं, नीट पोचायचं असायचं."

आम्ही गाडी विकण्याचे ठरविले. ते थांबविले पुतण्याने. त्याचा हात बरा झाल्यावर तो म्हणाला, "काका, चूक गाडीची नव्हती. आपण नीट करू." आणि 2020 च्या टाळेबंदीत, बाहेरचे जग बंद असता, अंगणात ते काम झाले. मिस्त्री दूरध्वनीवरून सांगत. या वेळी आम्ही पाटीवर एक क्रम लिहिला आणि तो मोडावयाचा नाही असे ठरविले : आधी थांबणे, मग दिसणे, मग टिकणे, आणि वेग सर्वांच्या शेवटी.

थांबण्यासाठी पुढे 7 इंची ट्विन-लीडिंग-शू ब्रेक बसविला. जुन्या ड्रममध्ये दोन जोड्यांपैकी एकच चाकाच्या फिरण्याने आपोआप घट्ट होत असे. यात दोन्ही होतात. पुढच्या काळातील बुलेटना कारखान्यातूनच असा ब्रेक येई, म्हणून तो परकाही वाटत नाही. मोठे चेनचक्र काढून मूळ दातांचे पुन्हा घातले. टायर नवे घेतले. जुन्या टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते, याकडे पुष्कळांचे लक्ष नसते.

दिसण्यासाठी वीज 6 व्होल्टवरून 12 व्होल्टवर नेली. 30 वॅटच्या दिव्याला 6 व्होल्टवर 5 अँपियर प्रवाह लागतो, 12 व्होल्टवर अडीचच लागतो. प्रवाह निम्मा झाला म्हणजे त्याच वायरींत होणारा नाश चौथाईवर येतो आणि दिवा खरोखर उजेड देतो. पूर्वी दिवा केवळ स्वतःला दाखवीत असे, आता रस्ता दाखवितो.

टिकण्यासाठी पेट्रोलच्या वाटेकडे पाहिले. आता आपल्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते. ते ओलावा ओढते आणि जुन्या रबराला खाते. म्हणून टाकी आतून स्वच्छ करून तिला लेप दिला, आणि पेट्रोलची नळी व कार्ब्युरेटरमधील सीले इथेनॉलला टिकणारी घातली. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर आम्ही कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवतो. मोकळा सायलेन्सर काढून मूळचा लावला, तेव्हा शेजाऱ्यांनी पेढे मागितले.

आणि वेग? तो पुन्हा 50 वर आला. या क्रमाने काम केल्यावर वेग वाढविण्याची इच्छाच उरली नाही.

कायद्याचेही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे, नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केले आहे. तेव्हा सांगाडा कापणे, परके इंजिन बसविणे असल्या हौशींपासून तरुणांनी दूर राहावे. दुसरे असे की, 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांस 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. आमची गाडी 2024 साली पन्नास वर्षांची झाली, तेव्हा तोही विचार मनात आला. परंतु अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आमच्या वडिलांनी ती कामासाठी घेतली होती. तिला प्रदर्शनाची वस्तू करणे आम्हांस नको वाटले, म्हणून पाच वर्षांचे साधे नूतनीकरणच चालू ठेवले आहे.

खर्चाविषयी प्रामाणिकपणे सांगतो. आरंभी जो अंदाज केला होता त्याच्या दुपटीहून अधिक पैसा लागला, आणि वेळ चौपट. पैशाच्या हिशेबाने पाहिले तर बंधूंचेच म्हणणे बरोबर होते. ज्यास रोज वेळेवर कचेरीत पोचावयाचे आहे, त्याने नवी गाडी घ्यावी. तिचे ब्रेक चांगले, पेट्रोल कमी, कटकट नाही. जुनी गाडी त्यानेच ठेवावी, ज्यास रविवारची सकाळ हात काळे करण्यात घालविणे शिक्षा वाटत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या ज्ञातीपुरता आहे. आपल्या घरांत लेखणीला फार मान. मुलगा पाना हाती घेऊन बसला की, "याचे अभ्यासात लक्ष नाही," असे आपण म्हणतो. आम्हीही म्हणत आलो. मिस्त्री तीन वर्षांपूर्वी वारले. पन्नास वर्षांचे त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. जे वाचले ते आमच्या पुतण्याच्या बोटांत वाचले आहे. तो पदवीधर झाला, नोकरीस लागला, आणि तरीही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टॅपेट तपासतो. सुट्टीत आपल्या मुलांनी महिनाभर एखाद्या कसबी कारागिराजवळ बसावे, आणि त्या कारागिराला आपण योग्य मोबदला व मान द्यावा, एवढी या व्यासपीठावरून आमची विनंती आहे.

आमच्या बंधूंविषयी आपण मनात विचारीत असाल. नवा ब्रेक बसवीत होतो त्या दिवशी चाक धरावयास तिसरा माणूस हवा होता. ते गॅलरीत उभे होते. काही न बोलता खाली आले आणि चाक धरले. ब्रेक जुळल्यावर ते म्हणाले, "मी एकदा चालवून बघतो." गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, तेथे तीनदा थांबून पाहून, ते परत आले. आज या संमेलनास गाडी तेच घेऊन आले आहेत, आम्ही मागे बसून आलो.

ती बाहेर पटांगणात उभी आहे. टाकीवरील सोनेरी रेषा हाताने ओढलेल्या आहेत, त्या अवश्य पाहाव्या. मुलांना वर बसू द्यावयास आमची ना नाही. फक्त सायलेन्सर अजून गरम असेल, तेवढा सांभाळावा.